पॉम्पेई : राखेखालचे गाव आणि विसरलेली भाषा

बालमित्रांनो, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही नावे एकदा मोठ्याने म्हणा. आता सप्त, अष्ट, नव, दश असे म्हणा. काही सारखे ऐकू आले का? हे महिने रोमन लोकांचे. त्यांची भाषा लॅटिन. लॅटिन आणि संस्कृत या एकाच मोठ्या भाषाकुळातल्या बहिणी, म्हणून आकडे इतके जवळचे. पण मग सप्टेंबर सातवा असायला हवा, तो नववा कसा? कारण फार पूर्वी रोमन वर्ष मार्चपासून सुरू होत असे. मार्चपासून बोटांवर मोजा, सप्टेंबर बरोबर सातवा येतो. पुढे वर्षाची सुरुवात बदलली, नावे मात्र तशीच राहिली.

रोमन लोक म्हटले की आपल्याला ज्युलियस सीझर, सैनिक आणि मोठमोठे खांब आठवतात. शाळेच्या पुस्तकातही बहुतेक राजे आणि लढायाच असतात. पण तुमच्या-आमच्यासारखी साधी माणसे तेव्हा काय खात होती, कोणत्या गोष्टी सांगत होती, भिंतीवर काय खरडत होती? हे सगळे एका गावाने आपल्यासाठी जपून ठेवले आहे. त्याचे नाव पॉम्पेई. इटलीत नेपल्स शहराजवळ, व्हेसुव्हियस नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी ते आहे. आज या गावात एक फेरी मारू या. शेवटी एक कोडेही आहे. ते मुलांइतकेच पालकांसाठीही आहे बरं का!

डोंगर फुटला तो दिवस

इ.स. ७९ मध्ये पॉम्पेईत साधारण दहा-बारा हजार माणसे राहत असावीत. व्हेसुव्हियसच्या उतारावर द्राक्षांचे मळे होते. हा डोंगर म्हणजे झोपलेला ज्वालामुखी आहे हे तिथल्या लोकांच्या ध्यानीमनीही नव्हते. इ.स. ६२ च्या सुमारास मोठा भूकंप झाला होता आणि त्याची डागडुजी अजून चालू होती.

मग एके दिवशी दुपारी डोंगरातून धुराचा प्रचंड लोट वर गेला. आकाश काळे झाले आणि गावावर हलक्या, सच्छिद्र दगडांचा पाऊस सुरू झाला. तो कित्येक तास थांबला नाही. छपरे त्या वजनाने कोसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोंढा उतारावरून वेगाने आला आणि गाव संपले. पुष्कळांना वाटते की पॉम्पेई लाव्हारसात बुडाले. तसे झाले नाही. ते दगड आणि राखेखाली गाडले गेले, आणि म्हणूनच टिकले.

हे सगळे आपल्याला कळले एका मामा-भाच्यामुळे. मामाचे नाव थोरला प्लिनी. तो आखाताच्या पलीकडच्या टोकाला रोमन आरमाराचा प्रमुख होता आणि मोठा अभ्यासकही होता. तो ढग पाहून त्याने जहाजे काढली, आधी कुतूहलाने आणि मग लोकांना वाचवायला. त्याने सतरा वर्षांच्या भाच्याला विचारले, "येतोस का?" भाचा म्हणाला, "नको, मी अभ्यास करतो." आणि तो अभ्यास मामानेच दिलेला होता! मामा त्या किनाऱ्यावरून परत आला नाही. भाच्याने, म्हणजे धाकट्या प्लिनीने, पंचवीसेक वर्षांनी टॅसिटस नावाच्या इतिहासकाराला दोन पत्रे लिहून हे सारे कळवले. ती पत्रे आजही उपलब्ध आहेत.

हा दिवस २४ ऑगस्ट होता असे फार वर्षे मानले जाई. पण २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची तारीख सापडली. कोळशाचे लिखाण फार दिवस टिकत नाही. त्यामुळे उद्रेक ऑक्टोबरमध्ये झाला असावा असे आता अनेक अभ्यासक म्हणतात. एका भिंतीवरच्या खरडण्याने इतिहासाची तारीख हलवली!

गावाचे उत्खनन १७४८ मध्ये सुरू झाले. १८६३ मध्ये ज्युसेप्पे फिओरेल्ली या प्रमुखाने एक युक्ती वापरली. राख घट्ट झाल्यावर आतली शरीरे झिजून गेली होती आणि तिथे पोकळ्या राहिल्या होत्या. त्याने पोकळीत प्लास्टर ओतले, ते सुकू दिले, आणि मग भोवतीची राख काढली. साच्यातून गणपतीची मूर्ती निघते तसे त्यातून त्या माणसांचे आकार बाहेर आले. गावाचा सुमारे एक तृतीयांश भाग अजून खणलेला नाही.

भट्टीतले एक्क्याऐंशी पाव

१८६२ मध्ये एका बेकरीची भट्टी उघडली तेव्हा आत ८१ पाव होते. जळून कोळसा झालेले, पण आकार जसाच्या तसा! गोल पाव, वर आठ भाग पाडलेले, म्हणजे हाताने सहज तुकडा मोडता यावा. गावात अशा तीसेक बेकऱ्या सापडल्या आहेत. पीठ तिथेच दळत. जात्याचा खालचा दगड शंकूसारखा टोकदार आणि वरचा डमरूसारखा. वरून धान्य टाकायचे आणि दगड फिरवायचा. फिरवायला गाढवे जुंपत. गुलामही राबत. २०२३ मध्ये एक बेकरी सापडली, तिच्या खिडक्यांना लोखंडी गज होते. माणसे आणि गाढवे तिथे कोंडून ठेवत असत.

हा रोमन जगाचा काळा भाग आहे आणि तो झाकून चालणार नाही. शेजारच्या हर्क्युलेनियम गावात सापडलेल्या एका पावावर शिक्का आहे. तो सांगतो की हा पाव केलेर नावाच्या माणसाचा आणि केलेर हा क्विंटस ग्रॅनियस व्हेरसचा गुलाम. लाखो गुलामांची नावे पुसली गेली, केलेरचे नाव मात्र पावावर राहिले.

बऱ्याच घरांत नीट स्वयंपाकघर नसे. लोक कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम जेवण घेत. दुकानाला दगडी ओटा, त्यात मोठे रांजण पुरलेले. २०२० मध्ये असे एक दुकान पूर्ण उघडे झाले. ओट्यावर कोंबडा, बदके आणि साखळीने बांधलेला कुत्रा रंगवलेला आहे. रांजणांच्या तळाशी बदक, बकरा, डुक्कर, मासे आणि गोगलगाई यांचे अवशेष मिळाले. सगळ्यावर एक खारवलेल्या माशांची पातळ चटणी घालत, तिला गारुम म्हणत. वास कसा असेल याची कल्पना सुकट भाजणाऱ्या घरातल्यांना लगेच येईल!

आता पिझ्झा-प्रेमींसाठी एक प्रश्न. रोमन पिझ्झावर टोमॅटो घालत का? नाही. टोमॅटो, बटाटा, मका आणि मिरची अमेरिकेतून आली, कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतर. टोमॅटो ना त्यांच्याकडे होता, ना आपल्याकडे. आपल्या पूर्वजांच्या रश्श्यात तेव्हा तिखटपणा मिऱ्यांचा असे. आणि तेच मिरे रोमन लोकांना इतके आवडत की ते जहाजे भरभरून केरळच्या किनाऱ्यावरून नेत. थोरल्या प्लिनीने आपल्या ग्रंथात तक्रारच केली आहे की भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. सेस्टर्स म्हणजे त्यांचे नाणे.

रस्ते आणि नळ

मी व्यवसायाने इंजिनियर, त्यामुळे मला या गावात सगळ्यात आवडतात ते रस्ते आणि नळ! रस्ता फरसबंदीचा, दोन्ही बाजूंना उंच पदपथ. रस्त्यावरून पाणी आणि घाण वाहत असे. म्हणून ओलांडायला मध्ये मोठे दगड बसवले आहेत. त्या दगडांमधली फट अशी की गाडीची चाके बरोबर त्यातून जावीत. चाकांनी फरशीवर खोल चाकोऱ्या पडल्या आहेत. कडेचे दगड कुठल्या बाजूने घासले गेले आहेत ते पाहून संशोधकांनी ठरवले की काही रस्ते एकेरी वाहतुकीचे होते.

पाणी लांबच्या डोंगरांतून कालव्याने येई आणि गावाच्या सर्वांत उंच वेशीपाशी पोचे. गाव उतारावर वसलेले. पाणी सरळ नळाने खाली सोडले तर खालच्या भागात दाब इतका वाढेल की शिशाचे नळ फुटतील. यावर त्यांनी सोपा उपाय काढला. गावात ठिकठिकाणी सुमारे सहा मीटर उंच मनोरे बांधले आणि प्रत्येकाच्या माथ्यावर शिशाची टाकी ठेवली. पाणी टाकीत चढते, तिथे दाब संपतो, मग तिथून नव्याने खाली येते. आपल्या गच्चीवरच्या टाकीमागेही हेच तत्त्व आहे. रस्त्यांवर चाळीसेक सार्वजनिक हौद होते. एका हाताने काठावर रेलून पाणी प्यायल्यामुळे काही काठांचे दगड झिजून खोलगट झाले आहेत. तिथे हात ठेवला की तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या हाताच्या जागी बरोबर बसतो.

आणि हो, धोबी कपडे धुवायला काय वापरत माहीत आहे? लघवी! ती शिळी झाली की तिच्यात अमोनिया तयार होतो आणि मळ निघतो. सम्राट व्हेस्पेशियनने तर तिच्यावरही कर बसवला होता. मुलांनो, ही माहिती जेवताना सांगू नका.

देवघर, गोष्टी आणि चित्रे

पॉम्पेईच्या पुष्कळ घरांत भिंतीत एक छोटा कोनाडा असतो. त्यात घराचे रक्षण करणारे देव, त्यांना लारेस म्हणत. खाली बहुधा साप रंगवलेला असतो. तो भीती घालायला नाही, राखणीला. जेवणातला थोडा भाग या देवांना देत. देवघर आणि नैवेद्य माहीत असलेल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही!

रोमन लोकांनी ग्रीकांच्या कथा आपल्याशा केल्या आणि देवांना आपली नावे दिली. ग्रीकांचा झ्यूस तो रोमनांचा ज्युपिटर. या नावाची फोड पाहा. आपल्या ऋग्वेदात 'द्यौः पिता' म्हणजे आकाश-पिता असा देव आहे. 'द्यौः पिता' आणि 'ज्युपिटर' हे मुळात एकच शब्द.

व्हेट्टी बंधूंच्या घरात ज्युपिटरच्या मुलाचे एक सुंदर चित्र आहे. बाळ हर्क्युलिस जमिनीवर बसला आहे आणि दोन्ही हातांनी दोन साप आवळतो आहे. सावत्र आई जूनो हिने ते त्याला मारायला पाठवलेले असतात. आजूबाजूची मोठी माणसे घाबरली आहेत, बाळ मात्र नाही. पूतनेची आणि कालियाची गोष्ट ऐकलेल्या मुलांना हा बाळ ओळखीचा वाटेल. त्याच घरात एका खोलीत भिंतीवर एक लांब पट्टा आहे. त्यात पंख असलेली छोटी मुले मोठ्यांची कामे करत आहेत : कोणी सोनार, कोणी अत्तरवाला, कोणी हार गुंफणारा. या घराचे मालक व्हेट्टी हे बहुधा स्वतः गुलामगिरीतून सुटलेले आणि व्यापारात श्रीमंत झालेले होते. दुरुस्तीनंतर हे घर जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा लोकांसाठी उघडले.

ही चित्रे इतकी वर्षे टिकली कशी? ती ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. चुना वाळताना रंग त्याच्यातच धरला जातो. रंग भिंतीवर नसून भिंतीत असतो म्हणा ना! म्हणून चित्रकाराला घाई असे. जेवढे आज रंगवायचे तेवढाच गिलावा ओला ठेवायचा.

दुसरी कला मोझेकची, म्हणजे रंगीत दगडांचे बारीक तुकडे जोडून केलेले चित्र. एका मोठ्या घरात १८३१ मध्ये सिकंदर आणि इराणचा राजा दारा यांच्या लढाईचे मोझेक सापडले. त्यात दहा लाखांहून अधिक तुकडे आहेत. संगणकाच्या पडद्याजवळ डोळे नेले तर ठिपके दिसतात, लांब गेले की चित्र दिसते. तत्त्व तेच, फक्त इथे प्रत्येक ठिपका कोणीतरी हाताने बसवला आहे.

आपल्याकडून गेलेली मूर्ती

१९३८ मध्ये पॉम्पेईतल्या एका घरात एक मूर्ती सापडली. ती हस्तिदंताची, वीतभर उंच, अंगभर दागिने, पाठीवर लांब वेणी, दोन बाजूंना दोन लहान दासी. पाहताक्षणी कळते की ही रोमन नव्हे, भारतीय आहे! तिला आधी लक्ष्मी म्हटले गेले. आता बरेच अभ्यासक ती यक्षी असावी असे म्हणतात. आरशाची मूठ किंवा छोट्या मेजाचा पाय म्हणून तिचा उपयोग होत असावा असा तर्क आहे. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

ती नेमकी कुठे घडली यावर वाद आहे. तिच्यावर वायव्य भारतात चालणाऱ्या खरोष्ठी लिपीतले एक अक्षर कोरलेले आहे. पण तिच्याशी खूप साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या त्या आपल्या मराठवाड्यात : जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या तेर या गावी. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची माहिती देणारी पुस्तिका लिहिली आहे. तिच्यात पैठण आणि तेर या दोन्ही पेठांची नावे आहेत. तिथला माल, गोमेदासारखे दगड आणि कापड, गाड्यांत भरून अवघड रस्त्याने भडोच बंदराला जाई. तिथून मोसमी वाऱ्यांवर जहाजे निघत.

आणि हा व्यापार एकेरी नव्हता. कोल्हापूरला ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननात १९४० च्या दशकात समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती मिळाली. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सुट्टीत भारतात गेलात तर तेर आणि कोल्हापूर ही दोन्ही संग्रहालये जरूर पाहा.

भिंती बोलू लागतात

पॉम्पेईच्या भिंतींवर हजारो लेख सापडले आहेत. काही रंगाने लिहिलेले, काही खिळ्याने ओरखडलेले. निवडणुकीच्या जाहिरातीच दोन हजारांवर आहेत : अमक्याला निवडून द्या, बेकरीवाले याच्या बाजूने आहेत, फळवाले त्याच्या. व्हाटिया नावाच्या उमेदवाराची तर कोणीतरी मस्त खोडी काढली आहे. भुरटे चोर त्याला पाठिंबा देत आहेत असे लिहून ठेवले आहे! एका दुकानदाराने तांब्याचे भांडे चोरीला गेल्याचे लिहून परत आणणाऱ्याला ६५ सेस्टर्स बक्षीस लावले आहे. ज्यूलिया फेलिक्स नावाच्या बाईने आपल्या जागा पाच वर्षांच्या कराराने भाड्याने देण्याची जाहिरात रंगवून घेतली आहे. एका भिंतीवर आठ-नऊ दिवसांचा घरखर्च आहे : पाव, तेल, कांदे, चीज, वाइन, आणि वेगळा लिहिलेला गुलामाचा पाव. अगदी वाण्याच्या वहीसारखा.

एका भिंतीवर आठवडी बाजारांची यादी आहे. एका ओळीत वार आणि दुसऱ्या ओळीत गावे : पॉम्पेई, नुकेरिया, नोला, रोम, कापुआ वगैरे. वार कसे लिहिले आहेत पाहा : सॅटर्न, सूर्य, चंद्र, मार्स, मर्क्युरी, ज्युपिटर, व्हीनस. आता आपले म्हणा : शनी, रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. तेच ग्रह, तोच क्रम! वारांची ही पद्धत ग्रीक-रोमन जगातून इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आपल्याकडे आली. मिरे तिकडे गेले, वार इकडे आले.

मुलांनीही भिंती सोडलेल्या नाहीत. जमिनीपासून कमी उंचीवर मुळाक्षरे गिरवलेली आढळतात. २०२४ मध्ये ग्लॅडिएटरांची कोळशाने काढलेली चित्रे उजेडात आली. ती लहान मुलांनी काढली असावीत असे संशोधक म्हणतात. काड्यांचे हात, काड्यांचे पाय. भिंत रंगवल्याबद्दल त्यांना ओरडा बसला असणारच!

आता एक गंमत. हे लिहिणारे फार शिकलेले नव्हते, त्यामुळे त्यांच्या शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. एके ठिकाणी लिहिले आहे की जो याची नासधूस करील त्याच्यावर पॉम्पेईच्या व्हीनस देवीचा कोप होवो. शुद्ध लॅटिनमध्ये तिथे 'हाबेआत् वेनेरेम' हवे. लिहिले आहे 'आबिआत् वेनेरे'. 'ह' गेला आणि शेवटचा 'म' गेला. शाळेत असे लिहिले असते तर छडी मिळाली असती. पण भाषेच्या अभ्यासकांना या चुका सोन्यासारख्या वाटतात. माणूस चुकतो तेव्हा तो जसे बोलतो तसे लिहितो. या चुकांवरून कळते की साधे लोक 'ह' आणि शेवटचा 'म' उच्चारत नव्हते. पुढे याच बोलीतून इटालियन निघाली. आणि आज इटालियनमध्ये व्हीनस देवीला काय म्हणतात? 'वेनेरे'! त्या दिवशीची चूक आज शुद्ध झाली आहे.

म्हणून मुलांनो, 'पाणी' लिहिताना 'पानी' झाले, तर बाई लाल पेनाने दुरुस्त करतील, त्यांचे ते कामच आहे. तुम्ही मात्र लिहिणे थांबवू नका.

आता ते कोडे

पालकहो, आता कोड्याकडे येतो. पॉम्पेईचे लोक मुळात लॅटिन बोलतच नव्हते.

त्यांची भाषा ऑस्कन. रोमची सत्ता येण्याआधी कित्येक पिढ्या गावात ती चालत होती. तिला स्वतःची लिपी होती, उजवीकडून डावीकडे लिहायची. सार्वजनिक स्नानगृहात एक सूर्यघड्याळ आहे. अधिकाऱ्याने दंडाच्या रकमेतून ते बसवले असे त्यावर ऑस्कनमध्ये लिहिले आहे. म्हणजे ती नुसती घरातली बोली नव्हती. हिशेब, दंड, कारभार सगळे तिच्यात चालत होते.

इ.स.पू. ८९ मध्ये रोमन सेनापती सुल्लाने गावाला वेढा घातला. इ.स.पू. ८० मध्ये तिथे त्याचे निवृत्त सैनिक वसवले गेले. तेव्हापासून कारभार लॅटिनमध्ये सुरू झाला. गावाच्या चौकात मापांचा एक दगडी ओटा आहे. त्यात वेगवेगळ्या आकारांचे खळगे आहेत. धान्य खळग्यात भरायचे, म्हणजे माप बरोबर. आधी खळग्यांवर मापांची जुनी, ऑस्कन काळातली नावे कोरलेली होती. पुढे रोमन मापे आली तेव्हा खळगे त्या मापाप्रमाणे कोरून घेतले आणि जुनी नावे खरवडून टाकली.

इंजिनियर म्हणून मला हे पटते. व्यापाराला सगळीकडे एकच माप असणे सोयीचे. आपल्याकडेही मेट्रिक पद्धत आली आणि पायली, शेर, मापटे, चिपटे ही मापे मागे पडली. माप बदलले त्यात वाईट काही नाही. पण मापाबरोबर शब्द जातो, आणि शब्दाबरोबर त्याच्या भोवतीची म्हण, हिशेब, आजीचे प्रमाण असे बरेच काही जाते.

पॉम्पेईत दोन भाषा येणे यात नवल नव्हते. भिंतींवर ग्रीकही सापडते. ज्याला नोकरी हवी, खटला लढवायचा, रोमशी व्यापार करायचा, तो लॅटिन शिकला असणार, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. आपणही इथे येऊन इथली भाषा शिकलोच. पण सरकारी लेखांतून ऑस्कन गेली, आणि इ.स. ७९ मध्ये गाव गाडले गेले तेव्हा भिंतीवरची भांडणे, यादी, निवडणूक, प्रेम आणि खोड्या जवळजवळ सगळ्या लॅटिनमध्ये होत्या. मधली वर्षे दीडशेच्या आसपास. पाच-सहा पिढ्या.

आज ऑस्कनचे काही शे लेख आपल्याकडे आहेत. बहुतेक दगडावरचे : कोणी काय बांधले, कोणत्या देवाला काय वाहिले. अक्षरे वाचता येतात, बऱ्याच शब्दांचे अर्थही लागतात. पण त्या भाषेतले एकही अंगाईगीत नाही, एकही पाककृती नाही, आई मुलाला रागावताना काय म्हणत होती ते माहीत नाही. लॅटिनमध्ये एका घराचा आठ दिवसांचा कांदाभाकरीचा हिशेबसुद्धा राहिला. ऑस्कनमधले घर राहिले नाही.

तर कोडे असे. पॉम्पेईला राखेने गाडले ते दोन दिवसांत, आणि त्याच राखेने गावातला पाव, भिंत, खेळणे, कुत्र्याची साखळी सगळे जपले. ऑस्कनवर मात्र कुठलीच राख पडली नाही, तरी ती गेली. कोणत्या दिवशी गेली? तारीख सांगता येत नाही. माझ्या मते ती एखाद्या घरात जेवताना गेली असेल. आजीने ऑस्कनमध्ये काही विचारले असेल, नातवाने लॅटिनमध्ये उत्तर दिले असेल, आणि सगळ्यांना समजले म्हणून कोणी काही बोलले नसेल.

आपल्या वर्गात मुले शनिवारी सकाळी झोप सोडून येतात आणि बाराखडी गिरवतात. पुष्कळदा घरी जाताना गाडीत पुन्हा इंग्रजी सुरू होते. त्यात मुलांचा दोष नाही. पण सूर्यघड्याळावर कोरलेली भाषा टिकली नाही आणि वाण्याच्या यादीतली टिकली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेव्हा निदान किराणा मालाची यादी तरी मराठीत लिहू या. फ्रिजवर चिकटवू या. चुका झाल्या तर होऊ देत. कोणी सांगावे, दोन हजार वर्षांनी त्याच शुद्ध ठरतील!

करून पाहा

१. या आठवड्याची बाजाराची यादी तुम्ही मराठीत लिहा. कांदे, बटाटे, जिरे, मोहरी, साबण, सगळे त्यात आले पाहिजे. पुढच्या वर्गाला यादी घेऊन या, भिंतीवर लावू. (भिंतीवर लिहायचे नाही, कागदावर!)

२. आजी-आजोबांना फोन करून विचारा : पायली, शेर, मापटे, चिपटे यांत सर्वांत मोठे माप कोणते? त्यांच्या लहानपणी घरात आणखी कोणती मापे होती? निदान तीन नावे लिहून आणा.

३. आपल्या देवघराचे चित्र काढा आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूचे मराठी नाव लिहा.

४. मित्रांना घालायचे कोडे : जुन्या रोमन वर्षात डिसेंबर कितवा? (उत्तर शोधायला या लेखाच्या पहिल्या परिच्छेदाकडे परत जा.)

५. घरात मोठ्यांच्या बोलण्यातला असा एक शब्द शोधा, जो तुम्ही कधीच वापरत नाही. तो शब्द वापरून एक वाक्य करा आणि त्या दिवशी जेवताना सगळ्यांना ऐकवा.